मूर्तीचं पुढे काय होणार?

कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात वर्षभर मातीच्या वस्तू मिळतात, पण माल सणावारांप्रमाणे बदलत जातो. संक्रांतीच्या आधी सुगडी येतात, होळी झाली की माठ आणि रांजण रचले जातात, श्रावण लागला की गणपतीच्या मूर्ती, नवरात्रात घट, आणि दसरा उलटला की पणत्या नि किल्ल्यावर मांडायचे मावळे. गिऱ्हाईक या सगळ्याला सरसकट ‘मातीचं’ म्हणतं. प्रत्यक्षात एकेका वस्तूमागचा विचार अगदी वेगळा असतो. माठ भाजलेला असतो आणि तरी मुद्दाम सच्छिद्र ठेवलेला असतो, कारण पाणी बाहेर झिरपून त्याची वाफ झाली तरच आतलं पाणी गार पडतं. पणती भाजावीच लागते, कारण तिच्यात तेल असतं आणि टोकाला ज्योत. शाडूचा गणपती मात्र भाजायचाच नसतो, कारण त्याला दीड दिवसाने, पाच दिवसांनी किंवा अनंत चतुर्दशीला पाण्यात विरायचं असतं. मावळे पूर्वी मातीचे असत, आता बहुतेक प्लास्टरचे येतात, कारण साच्यातून पटापट निघतात आणि दिवाळीपुरते टिकले तरी चालतं.

शिल्पकाम शिकू पाहणारी मुलं-मुली, दागिने घडवणाऱ्या गृहिणी, ॲनिमेशनचे विद्यार्थी हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात: सगळ्यात चांगली क्ले कोणती? बहुतेकांच्या मनात पॉलिमर क्ले असते. छोट्या रंगीत वड्यांत मिळणारी, घरच्या ओव्हनमध्ये भाजता येणारी. या प्रश्नाला ब्रँडचं नाव सांगून उत्तर देता येतं, पण ते अर्धवट असतं. कुंभारवाड्यातला कारागीर माल निवडताना जे आधी बघतो, तेच इथेही आधी बघायला हवं: घडवलेल्या वस्तूचं पुढे काय होणार आहे? ती पाण्यात जाणार, आगीत जाणार, कपाटात पन्नास वर्षं राहणार, की तिच्यावरून साचा काढून ती स्वतः मोडली जाणार? एवढं ठरलं की निम्म्याहून जास्त निवड आपोआप होते.

सुरुवात शाडूपासून करू, कारण पुण्यात हाताला पहिली माती लागते ती हीच. शाडू म्हणजे बारीक कणांची, पांढुरकी-राखाडी चिकणमाती. आपल्याकडच्या मूर्तिकारांना ती मुख्यतः गुजरातेतून येते. चिकणमातीचे कण चपटे असतात, आणि इतके बारीक की मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहूनही लहान. दोन कणांच्या मधे पाण्याचा पातळ थर असतो. बोटाने दाबलं की कण एकमेकांवरून सरकतात, बोट काढलं की सरकले तिथेच थांबतात. मातीला आकार घेता येतो आणि घेतलेला आकार धरून ठेवता येतो तो यामुळे. आता ही मूर्ती सुकायला ठेवली की मधलं पाणी जातं, कण जवळ येतात आणि सगळी मूर्तीच आकसते. बारीक चिकणमातीत हे आकसणं पाच ते दहा टक्क्यांपर्यंत जातं. एक फुटाची मूर्ती सुकल्यावर इंचभर कमी भरली तर नवल नाही.

भेगा पडतात त्या या आकसण्यामुळेच, पण सगळीकडे सारख्या पडत नाहीत. गणपतीचा कान बघा. कान पातळ, डोकं भरीव. कान आधी सुकतो आणि आधी आकसतो, डोकं अजून ओलं आणि फुगलेलं असतं. दोघांच्या ओढाताणीत कानाच्या मुळाशी केसाएवढी चीर उमटते. म्हणून जाणते मूर्तिकार मूर्ती आतून पोकळ ठेवतात, जाडी शक्य तितकी सारखी ठेवतात, आणि सोंड, कान, बोटं यांच्यावर ओलं फडकं घालून त्यांचं सुकणं लांबवतात. उन्हात ठेवून घाई करत नाहीत. पुण्याच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत हे काम किती चिवटपणाचं असतं, ते कारखान्यात आठवडाभर पंख्याखाली ठेवलेल्या मूर्ती पाहिल्या की कळतं.

याच कारणाने शाडूच्या मूर्तीत तार घालू नये. नवखा माणूस हाताला आधार म्हणून आत तार घालतो. माती आकसते, तार आकसत नाही, आणि माती तारेच्या रेषेवर उभी चिरते. शाडूला आधार द्यायचा तो मातीतच मिसळून: कागदाचा लगदा, कापूस, बारीक काथ्या. हे धागे मातीबरोबर दबतात आणि चीर पुढे सरकू देत नाहीत.

आणि आता शाडूचा खरा गुण. पूर्ण सुकलेल्या शाडूचा एक तुकडा काचेच्या पेल्यात पाण्यात सोडून पाहा. पाणी कोरड्या कणांमधल्या फटींत घुसतं, आतली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते, आणि तुकडा पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटत तळाशी चिखल होऊन बसतो. आता तसाच एक ओलसर गोळा दुसऱ्या पेल्यात टाका. तो बराच वेळ जसाच्या तसा बसून राहतो, कारण त्याच्या फटी आधीच पाण्याने भरलेल्या असतात, नव्या पाण्याला आत शिरायला वाव नसतो. म्हणजे मूर्ती जितकी कडक सुकलेली, तितकी ती पाण्यात लवकर विरते. ज्यांच्या घरच्या बादलीत गणपती दोन दिवस विरघळत नाही, त्यांनी आधी मूर्ती आतून ओली राहिली होती का ते पाहावं, मग बाहेरचा रंग. तैलरंगाचा किंवा वॉर्निशचा थर असेल तर पाणी आत जाणार कुठून?

विरलेली शाडू ही पुन्हा शाडूच असते. तिच्यात रासायनिक बदल काहीच झालेला नसतो. पाणी निथळून, गाळून, मळून तिचा दुसरा गणपती होतो. पुण्यात ‘पुनरावर्तन’ या नावाने चालणारी मोहीम नेमकी याच गुणावर उभी आहे: घरी विसर्जन केलेली शाडू गोळा करायची आणि मूर्तिकारांकडे परत पाठवायची. दुरून आणलेली माती नदीच्या तळाशी गाळ होऊन बसण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. शाडू नैसर्गिक आहे, म्हणून ती कितीही नदीत सोडली तरी चालेल, हा समज मात्र सोडायला हवा. मुठेच्या पाण्यात बारीक गाळ वाढवणारी गोष्ट माती असली तरी गाळच आहे.

हीच माती आव्यात किंवा भट्टीत गेली की परतीची वाट बंद होते. साधारण ५०० ते ६०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान मातीच्या कणांत रासायनिकरीत्या बांधलेलं पाणी निघून जातं, आणि त्यानंतर ती कितीही भिजवली तरी पुन्हा मळता येत नाही. पणती, सुगड, माठ यांची कथा ही. भाजायच्या शिल्पात एक पथ्य पाळावं लागतं: आत कुठेही ओल किंवा जाड भरीव गोळा राहता कामा नये, नाहीतर आतल्या पाण्याची वाफ होऊन मूर्ती भट्टीतच फुटते. ज्याला भट्टी उपलब्ध नाही त्याने भाजक्या मातीचा नाद सुरुवातीला धरू नये. घरच्या गॅसवर किंवा ओव्हनमध्ये माती ‘भाजता’ येत नाही, फक्त कोरडी होते.

प्लास्टर ऑफ पॅरिसविषयी आपल्याकडे इतका वाद झाला आहे की तो पदार्थ कशासाठी चांगला आहे तेच विसरलं गेलं. जिप्सम हा खनिज दगड सुमारे १५० अंशांना तापवला की त्यातलं तीन चतुर्थांश पाणी उडतं आणि पांढरी पूड उरते. ती पूड पाण्यात कालवली की काही मिनिटांत पाणी परत धरून पुन्हा जिप्सम होते, आणि घट्ट होताना किंचित फुगते. या फुगण्यामुळे ती साच्याच्या बारीकसारीक रेघेत जाऊन बसते. त्यामुळे मूर्ती भराभर निघतात, हलक्या असतात, सुकायला आठवडे लागत नाहीत. अडचण विसर्जनाची. एक लिटर पाण्यात जिप्सम जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतं. पाच किलोची मूर्ती पूर्ण विरघळवायला दोन हजार लिटरहून जास्त पाणी लागेल, आणि तेही सतत ढवळलेलं. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर उपाय काढला. अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात मूर्ती ठेवली की कॅल्शियम कार्बोनेटचा गाळ आणि अमोनियम सल्फेटचं पाणी असं दोहोंत तिचं रूपांतर होतं. गाळ खडूच्या जातीचा, पाणी खताच्या कामाचं. पुणे महापालिकेने अमोनियम बायकार्बोनेटची पूड नागरिकांना वाटलीही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी पीओपीच्या मूर्तींवर बंदी सांगितली. पुढे जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती बनवायला आणि विकायला मुभा दिली, पण नैसर्गिक जलस्रोतांत विसर्जनाला नाही. जुलैमध्ये उंच मूर्तींसाठी तात्पुरती सवलत आली.

माझं मत असं की पीओपीची खरी जागा मूर्तीत नाही, साच्यात आहे. घट्ट झालेलं प्लास्टर सच्छिद्र असतं, पाणी शोषतं. त्याच्या साच्यात ओली शाडू बोटांनी दाबून बसवली की साच्याला लागलेली माती आधी कोरडी होते, किंचित आकसते आणि साच्यापासून अलगद सुटते. शाडू आणि प्लास्टर हे शत्रू नव्हेत. एकाच कारखान्यात दोघांचं काम वाटून घेता येतं, आणि साचा वर्षानुवर्षं वापरात राहतो, नदीत जात नाही.

साच्याचा विषय निघालाच आहे तर जी मूर्ती मोडण्यासाठीच घडवली जाते तिच्याकडेही पाहू. पुण्यात श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. विनायक पांडुरंग करमरकर या अलिबागजवळच्या सासवण्याच्या शिल्पकाराने घडवलेला हा पुतळा १९२८ साली उभा राहिला. आपण बघतो ते ब्राँझ. पण असल्या कामात शिल्पकाराचा हात प्रत्यक्ष फिरतो तो मातीवर. मातीवरून प्लास्टरचा साचा घेतात, आणि साचा सोडवताना मूळ माती उकरून काढली जाते. इथे मातीकडून मागणी एकच: महिनोन् महिने ओली, कामाजोगी राहावी. त्यासाठी एकतर साधी चिकणमाती ओल्या गोणपाटात गुंडाळून रोज पाणी शिंपडत राहायची, किंवा न सुकणारी तेलाची क्ले घ्यायची. प्लास्टिसिन हे तिचं सगळ्यांना माहीत असलेलं रूप. इंग्लंडमधल्या बाथ गावच्या विल्यम हारबट या कलाशिक्षकाने ती १८९७ च्या सुमारास तयार केली. खडूची पूड, पेट्रोलियम जेली आणि चरबीतलं आम्ल यांचं ते मिश्रण असल्याने ती वाळत नाही, भाजताही येत नाही. सिलिकॉनचा साचा काढायचा असेल तर पाकिटावर एक गोष्ट जरूर तपासा: क्ले गंधकविरहित हवी. काही तेलाच्या क्लेमध्ये गंधक असतं आणि प्लॅटिनमवर जमणारं सिलिकॉन गंधकाला लागलं की जमतच नाही, चिकट लगदा होऊन बसतं. या एका कारणाने कित्येकांची आठवडाभराची मेहनत वाया गेली आहे.

घरगुती शिल्पकामात आणखी दोन पदार्थ नेहमी हाती येतात, त्यांचं थोडक्यात. हवेवर सुकणाऱ्या हलक्या क्ले, म्हणजे मुलांच्या दुकानात डबीत मिळणाऱ्या फेसासारख्या मऊ, या पाणी आणि गोंद यांच्यावर चालतात. त्या सुकतात, आकसतात आणि भिजल्या तर बिघडतात. शाळेच्या प्रकल्पाला ठीक. दुसरी दोन भागांची एपॉक्सी क्ले. ‘मोल्ड-इट’ हे आपल्याकडचं परिचित नाव. दोन गोळे सारखे मिसळले की काही तासांत दगडासारखा कडक पदार्थ होतो. मडक्यावर, बाटलीवर, लाकडावर उठावाचं काम करायला ती उत्तम, कारण ती काच आणि लाकूड दोन्ही धरते. मात्र मिसळल्यानंतर घड्याळ सुरू होतं, आणि डोळ्यांच्या पापण्या कोरायला जो निवांतपणा लागतो तो ती देत नाही. मिसळताना हातात मोजे घालावेत. न जमलेल्या एपॉक्सीची ॲलर्जी काहींना कायमची जडते.

आता पॉलिमर क्ले. नावात क्ले असली तरी यात माती नाही. ही पीव्हीसीची, म्हणजे पाण्याच्या पाइपांत असतं त्याच प्लॅस्टिकची, अतिबारीक पूड. तिच्यात तेलकट द्रव मिसळलेला असतो, त्याला प्लास्टिसायझर म्हणतात, शिवाय भर घालणारी पूड आणि रंग. थंड असताना पीव्हीसीचे कण या द्रवात नुसते भिजून राहिलेले असतात, आणि मिश्रण मळता येतं. उष्णता दिली की भिजवलेल्या साबुदाण्याप्रमाणे कण द्रव शोषून फुगतात, मऊ होतात आणि एकमेकांत मिसळून एकजीव होतात. गार झालं की हा एकसंध लवचीक प्लॅस्टिकचा तुकडा. यात उडून जाण्यासारखं पाणी नाही, म्हणून भाजताना आकसणं नगण्य, आणि हवेत ठेवली तरी महिनोन् महिने वाळत नाही. रात्री अर्धवट सोडलेलं नाक सकाळी तिथूनच पुढे कोरता येतं.

या पदार्थाचा जन्म बाहुल्यांच्या घरातला. जर्मनीत केथे क्रूझे या बाहुल्या बनवणाऱ्या प्रसिद्ध कारागीर बाईंच्या मुलीने, घरात ‘फिफी’ म्हटल्या जाणाऱ्या सोफीने, ही क्ले विकसित केली आणि १९६४ मध्ये ती एबरहार्ड फाबर कंपनीला विकली. तीच आज स्टेडलरची फिमो. अमेरिकेतल्या स्कल्पीची कहाणी आणखी वेगळी: ते मिश्रण मुळात ट्रान्सफॉर्मरमधली उष्णता बाहेर नेण्यासाठी आजमावलं जात होतं. तिथे ते चाललं नाही, शिल्पकारांच्या हाती मात्र सोन्यासारखं चाललं.

तारेची गोष्ट इथे अगदी उलटी होते. किल्ल्यावरचा भालाईत मावळा घ्या, पाच इंचांचा. त्याचा भाला दोन-तीन मिलिमीटर जाड, हात शरीरापासून सुटा, एक पाय उचललेला. शाडूत हा मावळा पहिल्याच धक्क्याला हात गमावतो. पॉलिमर क्लेमध्ये तारेचा सांगाडा करायचा, धड आणि मांड्यांना ॲल्युमिनियम फॉइल घट्ट आवळून गुंडाळायचं, वर पाच-सहा मिलिमीटरचा थर चढवायचा. क्ले आकसत नसल्याने तारेवर चिरत नाही. फॉइलमुळे महाग क्ले वाचते आणि आतपर्यंत उष्णताही पोचते. भरीव जाड गोळा केला तर बाहेरचा थर भाजून निघतो, आतला कच्चा राहतो, आणि पुढे तिथूनच तडा जातो.

आणि आता नावं. एकच क्ले सगळ्या कामांना पुरत नाही, हे पहिल्यांदा. मानवी आकृती आणि चेहऱ्यांसाठी सुपर स्कल्पी. त्वचेच्या रंगाची, मऊ, एका पौंडाच्या म्हणजे ४५४ ग्रॅमच्या गठ्ठ्यात मिळते, आणि चित्रपट-ॲनिमेशनच्या नमुना-शिल्पांसाठी जगभर वापरली जाते. तिचीच करडी, कडक आवृत्ती सुपर स्कल्पी फर्म. ती बोटांना जड जाते, पण दाढीचे केस, कवचाच्या कडा, शिलालेखासारखी अक्षरं तिच्यात जितकी तीक्ष्ण उमटतात तितकी मऊ क्लेत कधीच उमटत नाहीत. दोन्ही अर्ध्याअर्ध्या मळून घेतल्या तर नवशिक्याला सर्वांत सोयीचा मधला पोत मिळतो. कानातले, लॉकेट, पातळ पाकळ्या यांसाठी प्रीमो किंवा फिमो प्रोफेशनल, कारण भाजल्यावर त्या वाकतात, तुटत नाहीत. स्कल्पी थ्री रंगांनी भुरळ घालते आणि हाताला लोण्यासारखी मऊ लागते, पण भाजल्यावर पातळ भाग कडकन मोडतात. ती मुलांच्या जाडजूड खेळण्यांपुरतीच ठेवावी. बेल्जियमची सर्निट अर्धपारदर्शक, चिनी मातीच्या बाहुल्यांसारखी झाक देणारी, पण हाताच्या उबेने लवकर ढिली पडते. पुण्यातल्या एप्रिलमध्ये तिच्यावर काम करणं कष्टाचं.

उन्हाळा हा आपल्याकडचा मोठा मुद्दा आहे, आणि युरोप-अमेरिकेतल्या माहितीत तो फारसा येत नाही. चाळीस अंशांच्या दुपारी स्कूटरच्या डिकीत किंवा पत्र्याच्या खोलीत राहिलेली क्ले हळूहळू स्वतःच भाजू लागते. बाहेरून नवी दिसणारी वडी आत भुसभुशीत होते. म्हणून विकत घेताना पाकीट न फोडता अंगठ्याने दाबून बघावं. दबली तर घ्यावी, दगड लागली तर सोडावी. घरी सावलीत, शक्यतो स्टीलच्या किंवा काचेच्या डब्यात ठेवावी. काही प्लॅस्टिकच्या डब्यांना प्लास्टिसायझर खातो, डब्याचा तळ चिकट होऊन क्लेला चिकटतो. डब्याच्या तळावर त्रिकोणात ५ आकडा असेल तर तो पॉलिप्रॉपिलीनचा, तो चालतो. क्ले फारच मऊ झाली असेल तर पातळ लाटून दोन कोऱ्या कागदांत काही तास दाबून ठेवावी. कागदावर तेलकट डाग उमटतात, क्ले घट्ट होते.

भाजण्यात लोक सर्वांत जास्त चुकतात. फिमो ११० अंशांना, स्कल्पी आणि प्रीमो साधारण १३० अंशांना, काटो नावाची कडक क्ले १५० अंशांना. वेळ पाकिटावरची, आणि जाडीप्रमाणे वाढवलेली. घरच्या ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतलं खरं तापमान यांत वीस-तीस अंशांचा फरक सहज असतो, म्हणून ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर ही या छंदातली सर्वांत मोलाची खरेदी. मूर्ती भाजण्याआधी एक चाचणी करावी: मूर्तीच्याच क्लेची तीन मिलिमीटर जाडीची, बोटभर लांबीची पट्टी लाटून भाजायची, पूर्ण गार होऊ द्यायची आणि दोन बोटांनी वाकवायची. कमानीसारखी वाकून परत सरळ झाली तर ओव्हन बरोबर आहे. मधोमध मोडली आणि मोडल्या जागी चुरा दिसला तर कण एकजीव झालेले नाहीत. तापमान किंवा वेळ कमी पडली. अर्थात ही पट्टी प्रीमो-फिमोची असेल तरच नीट उत्तर देते. स्कल्पी थ्रीची पट्टी बरोबर भाजूनही मोडू शकते. ओव्हनमधून नुकतीच काढलेली मूर्ती मऊच लागते. ती कच्ची राहिली असं समजून पुन्हा तापवत बसू नये, गार होईपर्यंत हातच लावू नये.

तापमान जास्त झालं तर मात्र प्रश्न गंभीर. पीव्हीसी जळू लागलं की हायड्रोजन क्लोराइडचा झोंबरा वायू निघतो. क्ले तपकिरी व्हायला लागली, वास घशाला लागला, तर ओव्हन बंद, खिडक्या उघड्या, आणि खोलीबाहेर. मायक्रोवेव्हमध्ये ही क्ले कधीही घालू नये. ज्या ओव्हनमध्ये केक होतो त्यातच भाजायचं असेल तर झाकणाच्या भांड्यात भाजावं आणि खाण्याच्या वस्तूंसोबत एकाच वेळी कधीच नाही. मूर्तीखाली साधी चिनी मातीची फरशी ठेवावी, वरून फॉइलचा तंबू करावा, म्हणजे फिके रंग करपत नाहीत. रंगवायचं झालं तर ॲक्रिलिक. स्प्रेचे बरेच रंग प्लास्टिसायझरशी भांडतात, महिन्यांनी पृष्ठभाग चिकट होऊन धूळ धरतो.

पॉलिमर क्लेची पणती करू नये, कप-बशी करू नये. भाजल्यावरही ते प्लॅस्टिकच आहे: ज्योतीजवळ जळतं, आणि अन्नासाठी बनवलेलं नाही. मुलांच्या हाती देताना पाकिटावर थॅलेटविरहित असल्याचा उल्लेख असलेली नावाजलेली क्ले द्यावी. अमेरिकेने २००८ च्या कायद्याने खेळण्यांतल्या काही थॅलेट जातींच्या प्लास्टिसायझरवर ०.१ टक्क्याची मर्यादा घातली, आणि ती मागणी जगभर पोचली. सुट्ट्या, बिननावाच्या स्वस्त वड्यांत काय आहे ते कोणी लिहीत नाही, तेव्हा त्या घेऊच नयेत. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत, जेवणाआधी तर नक्कीच.

पॉलिमर क्लेचा गणपती करावा का, हाही प्रश्न येतोच. घडवायला ती उत्तम आहे: सोंडेचं वळण, बोटांमधला मोदक, कानामागची नक्षी, सगळं सावकाश कोरता येतं. पण तिचा शेवट पाण्यात होऊ शकत नाही. ती विरघळत नाही, परत मळता येत नाही, कुजत नाही. बादलीत घातली तर वर्षानंतरही तशीच निघेल. हौदात टाकली तर महापालिकेच्या कामगाराने ती उचलून वेगळी करायची. टिकणाऱ्या मूर्तींची परंपरा पुण्याला नवी नाही. मानाच्या चौथ्या, तुळशीबागेच्या गणपतीसाठी मंडळाने १९७५ साली फायबरची मूर्ती स्वीकारली. फायबर म्हणजे काचेच्या धाग्यांनी बळकट केलेलं रेझिन, तोही पॉलिमरच. तिथे तो योग्य ठरला, कारण मूर्ती दरवर्षी तीच बसवायची आहे हे आधीच ठरलेलं होतं. चांदी-पितळेची मूर्ती पूजणाऱ्या कितीतरी घरांत मूर्ती देव्हाऱ्यात परत जाते आणि विसर्जन सुपारीचं होतं. पॉलिमर क्लेचा गणपती बसवायचाच असेल तर त्याला हाच रिवाज लागू करावा: मूर्ती कायमची घरात, पाण्यात जाईल ती सुपारी, किंवा कुंभारवाड्यातून आणलेल्या शाडूच्या गोळ्याचा, रंग न दिलेला, घरच्याच मुलांनी वळलेला वीतभर गणपती.